घर कुळाचे झाले. पण राहिले कोणाचे?

ज्याच्या नावाचा कागद त्याचे घर, असे कोर्टकचेरीत म्हणतात. ज्याची चूल त्याचे घर, असे आमची म्हातारी माणसे म्हणत. या दोन म्हणण्यांत जे अंतर आहे, त्यातच गरिबांची घरे बुडत आली आहेत. विलायतेतील कामकरी लोकांच्या घरांची जी हकीकत आज आम्ही सांगणार आहो, ती याच अंतराची आहे. कोणी विचारील, इंग्लंडातील मजुरांनी घरे घेतली काय आणि विकली काय, त्याचे आमच्या शेतकऱ्यास व सुतारा-कुंभारास काय? त्यास आमचे उत्तर असे की, ज्याच्या घरी कुळकायद्याने मिळालेली दोन एकर जमीन आहे, त्यास ही हकीकत परकी वाटणार नाही. तेव्हा ती अगोदर नीट ऐकून घ्यावी.

विलायतेतील कारखान्यांच्या शहरांत मजुरांची राहणी एके काळी आपल्याकडील चाळींहूनही वाईट होती. खोली एक आणि माणसे आठ-दहा, असा प्रकार. लंडनच्या शोरडिच भागातील अशी एक वस्ती पाडून तेथे कौन्सिलने बांधलेली घरे १९०० साली उघडली. कौन्सिल म्हणजे तेथील म्युनिसिपालिटी. पुढे पहिल्या महायुद्धानंतर १९१९ साली अ‍ॅडिसन या मंत्र्याच्या कायद्याने घरे बांधणे हे कौन्सिलांचे कर्तव्य ठरले व त्यास सरकारी पैशाची जोड मिळाली. १९२४ साली व्हीटली याने ती मदत वाढविली. दुसऱ्या महायुद्धानंतर बेव्हन याने मजुरांकरिता चांगली प्रशस्त घरे बांधविली. हे व्हीटली व बेव्हन दोघेही पोरवयात कोळशाच्या खाणीत राबलेले, हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे. अंधारात राबणाऱ्यास उजेडाच्या घराची किंमत कळते. १९७९ च्या सुमारास ब्रिटनमधील जवळ जवळ तिसरा हिस्सा कुटुंबे कौन्सिलच्या घरांत भाड्याने राहत होती.

ही घरे आभाळातून पडली नव्हती. लोकांनी भरलेले कर, कौन्सिलांनी काढलेली कर्जे आणि भाडेकरूंनी आठवड्याच्या आठवड्याला भरलेले भाडे, या तीन मुठींतून ती उभी राहिली. म्हणजे प्रत्येक घरात त्यात राहणाऱ्याचा हिस्सा होता, तसाच अजून घर न मिळालेल्या रांगेतील माणसाचाही होता. पुढील सर्व भांडण या दुसऱ्या हिस्स्याचे आहे.

१९८० साली थॅचरबाईंच्या सरकारने कायदा केला की, कौन्सिलच्या घरात तीन वर्षे राहिलेल्या भाडेकरूस ते घर विकत घेण्याचा हक्क आहे. कौन्सिलची मर्जी असो वा नसो. बाजारभावात शेकडा ३३ सूट, आणि वर्षे जितकी अधिक तितकी सूट अधिक, शेकडा ५० पर्यंत. पुढे घरांची सूट शेकडा ६० पर्यंत व इमारतीतील फ्लॅटांची ७० पर्यंत चढविली. इंग्लंडात आजवर वीस लाखांच्या जवळपास घरे अशी भाडेकरूंच्या नावे झाली.

यात भाडेकरूचे चुकले असे म्हणणाऱ्यांत आम्ही नाही. ज्या घराच्या दाराचा रंगही कौन्सिल ठरवी, त्या घराचा मालक होताच पुष्कळांनी पहिले काम केले ते नवे दार बसविण्याचे. तीस तीस वर्षे भाडे भरून ज्याच्या हाती पावत्यांच्या गठ्ठ्यावाचून काही नाही, त्यास निम्म्या किंमतीत आपले घर आपले करून घेता येते म्हटल्यावर तो का सोडील? आमच्यापैकी कोणीही सोडले नसते. जे लोक स्वतः वडिलोपार्जित वाड्यात बसून मजुराने भाड्यानेच राहावे असा उपदेश करतात, त्यांचा उपदेश त्यांच्यापाशीच राहो.

प्रश्न घेण्याचा नाही. पुढे विकण्याचा आहे. सुटीत मिळालेले घर दुसऱ्याच दिवशी बाजारभावाने विकले, तर सुटीची रक्कम विकणाऱ्याच्या खिशात जाते आणि घर कौन्सिलच्या हातून कायमचे जाते. हे कायदा करणाऱ्यांसही कळत होते. म्हणून त्यांनी अट घातली की पाच वर्षांच्या आत विकल्यास सूट परत करावी; दर वर्षी तिचा पाचवा हिस्सा माफ. १९८६ च्या कायद्याने पाचाची तीन वर्षे केली. २००४ च्या कायद्याने पुन्हा पाच केली आणि हिशोबाची रीतही बदलली. जे घर भाडेकरूने १८ जानेवारी २००५ नंतर अर्ज करून घेतले, त्याची परतफेड जुन्या सुटीच्या आकड्यावर होत नाही. विकतेवेळच्या किंमतीवर होते.

हे उदाहरणाने सांगतो. घराची किंमत १,९०,००० पौंड, सूट ३८,००० पौंड. म्हणजे शेकडा २०. भाडेकरूने १,५२,००० पौंडास घर घेतले व दुसऱ्या वर्षी ते २,४०,००० पौंडास विकले. आता परत करावयाचे ते २,४०,००० चे शेकडा २०, म्हणजे ४८,०००. आणि एक वर्ष भरल्यामुळे त्याचे चार पंचमांश, म्हणजे ३८,४०० पौंड. घराचा भाव चढला की कौन्सिलचा हिस्साही चढला. मात्र मालकाने स्वतःच्या खर्चाने खोली वाढविली किंवा सुधारणा केली असेल, तर तिच्यामुळे चढलेली किंमत हिशोबातून वगळतात. हा नियम आम्हास न्यायाचा वाटतो. ज्याचा घाम त्याचे दाम.

ही रक्कम घराच्या सरकारी नोंदीत बोजा म्हणून चढलेली असते. सातबाऱ्यावर सोसायटीचा बोजा असतो, तसाच. तो फेडल्यावाचून घेणाऱ्याच्या नावे घर स्वच्छ होत नाही. शिवाय दहा वर्षांच्या आत विकावयाचे झाल्यास अगोदर जुन्या कौन्सिलला किंवा त्या भागातील गरिबांकरिता घरे चालविणाऱ्या संस्थेला विचारावे लागते. किंमत बाजारभावाची, पटले नाही तर सरकारी मूल्यमापक ती ठरवितो. आठ आठवड्यांत त्यांनी घेण्याचे कबूल केले नाही, तर मालकास वाटेल त्यास विकण्याची मोकळीक.

घरातल्या घरात नाव बदलणे मात्र कायद्याने विकणे धरलेले नाही. नवऱ्याने बायकोच्या नावे केले, घटस्फोटात कोर्टाने एकाच्या नावे केले, मृत्युपत्राने मुलास मिळाले, किंवा बारा महिने एकत्र राहिलेल्या कुटुंबातील माणसास दिले, तर सूट परत मागत नाहीत. परंतु बोजा पुसला जात नाही. तो घराबरोबर चालत राहतो. बापाने घर घेऊन दोन वर्षांत डोळे मिटले आणि मुलाने तिसऱ्या वर्षी ते बाजारात विकले, तर बापाने लिहून दिलेला करार मुलास फेडावा लागतो. हीही गोष्ट वाजवी आहे. विधवेस वा पोरास घराबाहेर काढावयाचे नाही, परंतु वारशाच्या आडून व्यापारही होऊ द्यावयाचा नाही.

येथे एक घरगुती भानगड सांगून ठेवतो, कारण ती आपल्याकडेही होते. म्हातारा भाडेकरू, हक्क त्याचा. पैसे मात्र मुलाचे. मुलगा परगावी राहतो. घर बापाच्या नावे, हप्ते मुलाच्या कमाईतून, आणि लेखी कागद काहीच नाही. बाप गेल्यावर बाकीची भावंडे हिस्सा मागावयास उभी राहतात, आणि हप्ते भरणारा बोटे मोडीत बसतो. वास्तविक तेथील कायद्यात भाडेकरूबरोबर बारा महिने राहिलेल्या कुटुंबातील तीन माणसांपर्यंत नावे खरेदीत घालता येतात. परंतु भावाभावांत कागद कसला, ही लाज तिकडेही आहे. आमचे सांगणे असे की कागद प्रेमाने करावा. भांडणात करावयाची पाळी येऊ देऊ नये.

अटींचे कुंपण असे घातले खरे. पण त्यात भगदाडे किती होती पहा. लंडनमध्ये घरांचे भाव चढले, तेव्हा काही दलालांनी भाडेकरूंच्या दारी फेऱ्या सुरू केल्या. ते म्हणत, खरेदीचा पैसा आम्ही देतो. घर तुझ्या नावे घे. रोख रक्कम घेऊन तू दुसरीकडे राहावयास जा. घर आम्ही भाड्याने लावू. आणि अटीची वर्षे संपली की आमच्या नावे करून दे. कागदावर मालक मजूर, घर दलालाच्या हाती. हे ऐकून आमच्या वाचकांस सावकाराच्या वहीची आठवण झाल्यावाचून राहणार नाही. गहाणाचे नाव सांगून खरेदीखतावर अंगठा घेण्याची विद्या काही एकट्या दख्खनची नाही. २००४ च्या कायद्याने असा पुढे विकण्याचा करार करणे म्हणजे त्याच दिवशी विकणे असे धरून सूट परत मागण्याची तरतूद केली. पण तोवर विक्री सुरू होऊन चोवीस वर्षे झाली होती.

दुसरे भगदाड अजून उघडे आहे. विकले तर सूट परत. परंतु स्वतः न राहता साध्या भाड्याने दिले, तर ते विकणे नव्हे. म्हणजे कौन्सिलचे स्वस्त घर सुटीत घ्यावे आणि दुसऱ्या गरिबास महाग भाड्याने द्यावे, यास या परतफेडीच्या अटीत अडकाव नाही. आणि मुदत संपल्यावर तर घर सरळ भाडेखाऊ मालकाच्या हाती जाते. २०१७ साली तेथील घरांविषयीच्या एका पत्राने कौन्सिलांकडून माहिती गोळा केली, तीत असे दिसले की विकलेल्या फ्लॅटांपैकी शेकडा ४० च्या आसपास घरे खाजगी भाड्याने लागलेली आहेत. ज्या घरांत भाडेकरूंस मालक करावयाचे होते, त्यांतील इतक्या घरांत पुन्हा भाडेकरूच राहत आहेत. फरक इतकाच की भाडे चढले व मालक बदलला.

पुढची गोष्ट ऐकून हसावे की रडावे हे कळत नाही. बेघर कुटुंबांची सोय करणे तेथील कौन्सिलांवर कायद्याने बंधनकारक आहे. स्वतःची घरे विकून बसलेल्या कौन्सिलांनी आपणच विकलेल्या घरांत या कुटुंबांस ठेवून नव्या मालकांस भाडे भरले आहे. २०२१ साली लंडनच्या मेयरने अशी विकलेली घरे परत विकत घेण्यास कौन्सिलांना पैसा देण्याची योजना काढली. निम्म्या भावाने विकलेले घर पूर्ण भावाने, आणि तेही चढलेल्या भावाने, परत घ्यावयाचे. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, ते असे. दहा वर्षे अगोदर विचारण्याची अट आहे, परंतु विचारले तरी आठ आठवड्यांत पूर्ण किंमत उभी करणार कोण?

याचा दोष घर विकणाऱ्या मजुरावर टाकणे सोपे आहे. म्हातारपणी गुडघे गेले, जिना चढवत नाही, मुलगी दुसऱ्या शहरात आहे. अशा माणसाने घर विकले तर त्यात पाप कोणते? फ्लॅट घेणाऱ्यांस तर दुसराच फास बसला. फ्लॅट म्हणजे बहुधा १२५ वर्षांचा पट्टा, इमारत कौन्सिलचीच. छप्पर बदलले, लिफ्ट बदलली की हजारो पौंडांचे बिल मालकाच्या दारी. भाडेकरू असता हे बिल त्यास माहीत नव्हते. ज्यास हे झेपले नाही त्याने विकले, आणि ज्याच्यापाशी भांडवल होते त्याने घेतले. मालकी मिळाली, पण ती टिकविण्याचे बळ मिळाले नाही, की मालकी बळ असलेल्याकडे वाहत जाते. पाण्याचा जसा उतार, तसा पैशाचाही असतो.

खरा दोष पैसा घेऊन घर न बांधणाऱ्यांचा आहे. घरे विकून आलेला पैसा नव्या घरांत घातला असता, तर रांगेतील माणसाचा हिस्सा त्यास दुसऱ्या रूपाने मिळाला असता. परंतु १९८९ च्या कायद्याने या विक्रीच्या पैशातील शेकडा ७५ हिस्सा जुनी कर्जे फेडण्याकडे अडकविला व कौन्सिलांच्या हाती २५ ठेवला. गाय विकून आलेल्या पैशाने दुसरी गाय न घेता वाण्याची उधारी भागविली, तर पोरांस दूध कोठून मिळणार? २०१२ साली प्रत्येक जादा विकल्या घरामागे एक नवे घर बांधू असे सरकारने वचन दिले. ते वचन पुरे पडले नाही. स्कॉटलंडने २०१६ साली व वेल्सने २०१९ साली हा खरेदीचा हक्कच बंद केला. इंग्लंडने तो ठेवला, परंतु २०२४ च्या नोव्हेंबरात सुटीची कमाल मर्यादा भागाप्रमाणे १६,००० ते ३८,००० पौंडांवर आणली. त्यापूर्वी ती लंडनात लाखाच्या वर होती. सूट परत करण्याची मुदत पाचाची दहा वर्षे करण्याचा मनोदयही तेथील सरकारने २०२५ साली जाहीर केला. चोर गेल्यावर का होईना, दाराला कडी बसविण्याचा विचार झाला, हे बरे.

यावर एक आक्षेप येतो, आणि तो आम्ही हलका मानीत नाही. श्रीमंताच्या बंगल्यास अट नाही, मग गरिबाच्याच घरास का? विकता येत नाही ती मालकी लुळी नव्हे काय? आक्षेप खरा आहे; पण तो बंदीस लागू आहे, हिशोबास नाही. ज्या घरात चार लोकांचा पैसा आहे ते विकताना त्या चार लोकांचा हिस्सा बाजूस काढून ठेवावा, यात अपमान कसला? एकत्र कुटुंबाचे शेत विकताना आपण भावाचा हिस्सा काढीतच असतो. आमचे म्हणणे त्याही पुढचे आहे. हा हिस्सा पाच वर्षांनी किंवा दहा वर्षांनीही मरू नये. शेकडा २० सूट घेतली असेल तर घर बाजारात जाईल त्या दिवशी शेकडा २० परत यावे. मग ते सहाव्या वर्षी जावो की तिसाव्या. आणि आलेली पै न् पै नव्या घराच्या पायात जावी.

दुसरी अट घेणाऱ्यावर हवी, आणि तिचा नमुना त्याच कायद्यात आहे. राष्ट्रीय उद्याने, सृष्टिशोभेकरिता राखलेले मुलूख व ठरवून दिलेली खेडी येथे कौन्सिलला विक्रीच्या वेळी अशी अट घालता येते की हे घर पुढे त्या भागात तीन वर्षे राहिलेल्या किंवा तेथे काम करणाऱ्या माणसासच विकावे. ही अट पाच-दहा वर्षांनी संपत नाही. पुढच्या मालकासही लागू राहते. तिचा हेतू उघड आहे. शहरातील धनिक उन्हाळ्यात पंधरा दिवस राहावयास घर घेऊन ठेवतो आणि शेतमजुराच्या पोरास गावात घर मिळत नाही, हे टाळावयाचे. गिऱ्हाईक कमी म्हणून भाव थोडा कमी येतो आणि मालक कुरकुरतो, हे कबूल. पण घर राहणाऱ्याच्या हाती राहते. खेड्यांपुरती जी सोय केली ती शहरांत केली असती, तर दलालांच्या पुष्कळ फेऱ्या वाचल्या असत्या.

आता आपल्या उंबऱ्यात येऊ. १९४८ च्या कुळकायद्यात पुढे दुरुस्ती झाली आणि १ एप्रिल १९५७ या दिवशी मुंबई राज्यातील कसणारे कूळ कायद्याने जमिनीचे खरेदीदार ठरले. त्या कायद्याच्या ४३ व्या कलमाने अशी जमीन कलेक्टरच्या परवानगीवाचून विकण्यास बंदी होती. हेतू चांगला; जमीन पुन्हा सावकाराकडे जाऊ नये. परंतु बंदीमुळे मुलीच्या लग्नाला किंवा आजारपणाला पैसा उभा करावयाचा झाला, तरी कुळास कचेरीच्या खेपा घालाव्या लागत. पुढे २०१४ साली दुरुस्ती झाली की खरेदीस दहा वर्षे होऊन गेली असल्यास आकाराच्या चाळीस पट नजराणा भरावा व परवानगीवाचून विकावे. आकार म्हणजे काही रुपये. त्याची चाळीस पट म्हणजे शहराजवळच्या जमिनीच्या आजच्या भावापुढे चिमूटभर मीठ. घेणारा शेतकरी असावा अशी अट आहे, परंतु सातबाऱ्यावर नाव असले की कागदावर कोणीही शेतकरी. म्हणजे आम्ही विलायतेच्या उलट बाजूने चालत आलो आणि त्याच खड्ड्यापाशी पोचलो. त्यांनी दार उघडे टाकले व मागून कडी लावू लागले. आम्ही कडी घट्ट लावली आणि मग दारच काढून ठेवले. राहणारा आणि कसणारा, या दोघांचा हिशोब कोणीच ठेवला नाही.

म्हणून शेतकरी व कारागीर बंधुभगिनींनो, सरकारी योजनेतून घर मिळो की कायद्याने जमीन मिळो, कागद हाती पडताच तो एकदा मोठ्याने वाचून घ्या. त्यात विकण्याची मुदत किती, बोजा किती, परवानगी कोणाची, वारसांची नावे कोठे, हे घरातील बायकामाणसांसह सर्वांनी ऐकावे. मुदत संपण्याच्या आधीच जो दलाल रोख रक्कम घेऊन दारी येतो, त्यास तुमची अडचण तुमच्याहून अधिक ठाऊक असते. त्यास पाणी द्यावे. अंगठा देऊ नये. विकणे भागच असेल तर विका, त्यात लाज नाही. पण राहणाऱ्यास विका, कसणाऱ्यास विका.

आणि सरकारांस, मग ती थेम्सकाठची असोत की मुठेकाठची, आमचे एवढेच सांगणे आहे. गरिबास मालकी देता, तर ती विकण्यास बंदी घालून त्यास कचेरीचा कैदी करू नका, आणि मोकळे सोडून त्यास दलालाचे सावजही करू नका. लोकांचा हिस्सा घर विकेल त्या दिवशी मागा, तो नव्या घरांत घाला, आणि घर राहील त्याचे ठेवा. हे झाले नाही, तर विलायतेच्या कौन्सिलांप्रमाणे आपणच विकलेल्या घराच्या दारात भाड्याची थैली घेऊन उभे राहण्याची पाळी उद्या आपल्यावरही येईल.